तिहेरी साटंलोटं

माझ्या आत्याचं लग्न साट्यालोट्यात झालं. त्या घरची मुलगी आमच्या काकाला आणि आमच्या घरची आत्या त्या मुलीच्या भावाला. आमच्या नाशिककडच्या गावात तेव्हा अशी लग्नं व्हायची आणि कोणाला त्यात वावगं वाटत नसे. दोन्ही लग्नं एकाच मांडवात, एकाच मुहूर्तावर लागली. आत्या सांगायची की त्यात हौस काही नव्हती, निव्वळ अविश्वास होता. एका घराने सून आणून घेतली आणि आपली लेक द्यायच्या वेळी हात वर केले तर काय करायचं, म्हणून अक्षता दोन्ही जोडप्यांवर एकदमच टाकायच्या. ही गोष्ट मला पन्नाशी ओलांडल्यावर, दोह्यात, एका बास्केटबॉल क्लबच्या ऑफिसात बसून इंग्रजीत समजावून सांगावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं. सांगितली. समोरच्या माणसाने मनापासून मान डोलावली, माझ्या कपात आणखी गहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतायला लावला, आणि नंतर त्याला जे करायचं होतं तेच केलं.

माझा मुलगा व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचा. इथल्या आपल्या मंडळाच्या गणपतीत मी हे कोणाला सांगितलं की समोरची बाई जरा थांबून विचारायची, "ते झालंच, पण करतो काय?" तिचा मुलगा डेटा सायन्समध्ये असायचा. सगळ्यांचेच मुलगे डेटा सायन्समध्ये असायचे. मी म्हणायचे, हेच करतो, याचाच त्याला पगार मिळतो. मग ती मला दुसरा मोदक वाढायची, जसं काही आमच्याकडे आजारपण आहे.

तो इथेच जन्मला. अल हिलालमधल्या ज्या फ्लॅटमध्ये आम्ही आजही राहतो, तिथल्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधल्या जागेत तो चेंडू आपटायला शिकला. पासपोर्ट भारताचा, पण भारत म्हणजे त्याच्या लेखी सुट्टीतलं पुणं, काकाकडचे आंबे आणि हमखास बिघडणारं पोट. मराठी त्याला सगळी कळते, उत्तर मात्र इंग्रजीत देतो. इथल्या क्लबांना परदेशी खेळाडू ठरावीकच घेता येतात, पण इथेच जन्मून वाढलेल्या परदेशी मुलासाठी संघात एक वेगळी जागा असते. कॉलेज संपल्यावर आमच्या मुलाला एका क्लबने त्या जागेवर घेतलं. तो गार्ड होता, म्हणजे चेंडू पुढे नेऊन ज्याला हवा त्याच्या हातात नेमका पोचवणारा. करार क्लबचा आणि व्हिसाही क्लबचा.

या व्हिसाचंच सगळं रामायण आहे. मुलगी लग्न होईपर्यंत बापाच्या व्हिसावर राहू शकते, मुलगा पंचविशीपर्यंतच. पुढे त्याला स्वतःचा कफील लागतो, म्हणजे त्याला कामावर ठेवून त्याच्या राहण्याची जबाबदारी घेणारा कोणीतरी. नसेल तर उचल बिऱ्हाड. इथे जन्मलास का, इथल्या शाळेत शिकलास का, तुला दुसरं गाव माहीत आहे का, हे कोणी विचारत नाही. नियम आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होता, आणि त्याने पंचविशी ओलांडली तेव्हा तो क्लबच्या व्हिसावर होता म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

बास्केटबॉल मला त्याच्यामुळे कळला. लहानपणी त्याला सरावाला सोडायचं, परत आणायचं आणि मधला वेळ गाडीत एसी लावून बसून राहायचं, याचा कंटाळा येऊन मी आत जाऊन बसू लागले. एकदा शाळेच्या स्पर्धेत मैदानाकडेच्या टेबलावर माणूस कमी होता म्हणून एका मिसने मला बसवलं. मी बसले ती बसलेच. पुढे रीतसर परीक्षा दिली आणि लीगच्या सामन्यांना चोवीस सेकंदांचं घड्याळ चालवायला लागले. चेंडू हाती आला की संघाने चोवीस सेकंदांच्या आत बास्केटकडे फेकायचा, नाहीतर भोंगा वाजतो आणि चेंडू समोरच्यांना जातो. ते घड्याळ माझ्या बोटाखाली असायचं. मुलाच्या क्लबच्या सामन्यांना मला अर्थातच तिथे बसवत नसत, तेव्हा मी वर प्रेक्षकांत. पण बाकीचे संघ मी इतक्या जवळून पाहिले की कोण चेंडू घेऊन घोटाळत बसतं, कोणाला द्यायला माणूसच सापडत नाही, कोणाची शेवटच्या क्षणी धांदल उडते, हे मला तोंडपाठ झालं. प्रेक्षक उड्या बघायचे. मी कुठे काम अडलंय ते बघायचे, कारण आयुष्यभर मी घरात तेच बघत आले आहे.

मुलाच्या तिसऱ्या वर्षी क्लबने त्याच जागेसाठी आणखी एक मुलगा आणला. तोही इथेच जन्मलेला, आईवडील सुदानचे, आमच्या मुलापेक्षा वीतभर उंच आणि स्वभावाने इतका गोड की त्याचा रागही करता येईना. सामन्यात दोघांपैकी एकालाच उतरवता यायचं. आमचा मुलगा बाकावर बसला. बाकावरून तो दुसऱ्यांना टाळ्या वाजवायचा, पाणी द्यायचा, आणि घरी आला की खोलीचं दार लावून घ्यायचा. करार उन्हाळ्यात संपत होता. बाकावरच्या मुलाचा करार कोणी वाढवत नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं आणि तिघंही त्यावर मूग गिळून बसलो होतो.

एका शुक्रवारी जेवणं झाल्यावर मी टेबलावरची भांडी उचलायच्या ऐवजी हलवायला लागले. तीन ताटं ओळीने मांडली. पहिलं आमच्या क्लबचं. इथे चेंडू पुढे नेणारे दोन, पण लांबून नेम साधणारा धड एकही नाही. दुसरं ताट उंचांच्या क्लबचं. खरं नाव घेत नाही, घरात आम्ही त्याला असंच म्हणायचो. त्यांच्याकडे बास्केटखाली दोन ताडमाड माणसं उभी, पण त्यांच्यापर्यंत चेंडू पोचवणारा कोणी नाही. माझा भोंगा सगळ्यात जास्त त्यांच्यावर वाजायचा. तिसरं ताट नेमबाजांच्या क्लबचं. नेमबाज दोन, आणि हुकलेला चेंडू खाली गोळा करायला उंच माणूस नाही. मी आमटीची वाटी, म्हणजे आमचा मुलगा, उंचांच्या ताटात ठेवली. त्यांच्याकडचा एक उंच, म्हणजे लोणच्याची बरणी, नेमबाजांच्या ताटात. नेमबाजांमधला एक, म्हणजे लिंबाची फोड, आमच्या ताटात. तिन्ही ताटांत आता जे कमी होतं ते आलं होतं.

मुलगा उभ्याउभ्या बघत होता. "धिस इज नॉट अमेरिका, आई," तो म्हणाला. "हिअर नोबडी डज थ्री-टीम ट्रेड्स."

"नसतील करत. करता येत नाहीत का, ते सांग."

त्याने सांगितलं की इथे एक क्लब खेळाडूला लेखी मोकळं करतो आणि दुसरा त्याची नोंदणी करतो. प्रत्येक व्यवहार सुटा. तिघांनी एकाच वेळी ठरवलं तर होऊ शकतं, पण तसं कोणी ठरवत नाही. मग तो खाली बसला आणि त्याने वाट्या एकेक करून मागे-पुढे सरकवून पाहिल्या. "इट वर्क्स," तो म्हणाला. "इट अॅक्च्युअली वर्क्स. बट व्हाय अॅम आय द आमटी?" कितीतरी आठवड्यांनी तो घरात हसला होता, आणि त्या एका हसण्यापायी मी कुठल्याही ऑफिसात जाऊन बसायला तयार झाले.

नवऱ्याला मात्र वाट्या पुरल्या नाहीत. तो गॅस कंपनीत प्लॅनिंगला. घरात नवा फ्रिज घ्यायचा तरी हा माणूस तक्ता करतो. त्याने तीन रंगांचे बाण असलेलं प्रेझेंटेशन केलं, त्यात प्रत्येक क्लबचा फायदा वेगळ्या चौकटीत टाकला आणि आम्ही दोघं ते घेऊन मुलाच्या क्लबच्या मॅनेजरकडे गेलो.

इथे खेळाच्या जगात सगळ्यांना कॅप्टन म्हणतात, आयुष्यात बॅट-बॉल हातात धरला नसला तरी. हा कॅप्टन वर्षानुवर्षं दोह्यात मुरलेला, स्वतःही बाहेरचाच, अत्तर लावलेला आणि बोलण्यात लोणी. त्याने खजूर पुढे केले, वेलदोड्याचा गहवा मागवला, आणि नवऱ्याचे बाण पाहून "माशाल्ला, माशाल्ला" करत राहिला. मग लॅपटॉप बाजूला सारून माझ्याकडे वळला. "मदाम, यू टेल मी." मी सांगितलं. उंचांच्या क्लबचा चेंडू कुठे अडतो, नेमबाजांना कोण हवा, त्याच्या स्वतःच्या संघात काय नाही. मी बोलत असताना तो मध्येच खिशातलं पेन काढून हातावर काहीतरी टिपून घेत होता. मला त्याचं बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

शेवटी मी अट घातली. तिन्ही खेळाडूंच्या सुटकेवर आणि तिन्ही नव्या करारांवर सह्या एकाच दिवशी, एकाच खोलीत. आणि का ते पटावं म्हणून आत्याच्या लग्नाची गोष्ट सांगितली. त्याला ती फार आवडली. त्यांच्याकडेही पूर्वी अशी लग्नं होत, म्हणाला. "सेम डे, सेम टेंट. खलास, मदाम, अॅग्रीड." तिथल्या तिथे त्याने उंचांच्या आणि नेमबाजांच्या मॅनेजरला फोन लावले. अरबीत हसणं-खिदळणं झालं, यल्ला यल्ला झालं. फोन ठेवून त्याने छातीवर हात ठेवला.

आम्ही तिथून थेट सूक वाकिफच्या बाजारात गेलो. मला मसाल्यासाठी दगडफूल घ्यायचं होतं. नवऱ्याने रस्त्याकडेच्या हॉटेलात बसून चहा मागवला आणि म्हणाला, "तू माझ्या कंपनीत असतीस ना, तर माझी बॉस झाली असतीस." लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याने माझं असं तोंडावर कौतुक पहिल्यांदाच केलं. तोही खूष होता, मीही होते. मुलाला मी फोनवर सांगितलं तेव्हा तो "ओके" एवढंच म्हणाला, पण त्या संध्याकाळी पार्किंगमधून चेंडूचा आवाज येत होता.

पुढचे काही दिवस काहीच झालं नाही. इथे ते नेहमीचंच, म्हणून आम्हीही घाई केली नाही. मग एका सकाळी मी मदिनत खलीफाकडच्या एका शाळेत मुलींच्या स्पर्धेला टेबलावर होते. फोन पर्समध्ये, आवाज बंद. मधल्या सुट्टीत बघते तर मुलाचे फोनवर फोन. लावला तर उचलेना. घरी आले तेव्हा तो सोफ्यावर बसला होता आणि नवरा ऑफिसातून लवकर आला होता. दोघांचेही चेहरे उजळलेले.

"झालं काम," नवरा म्हणाला. "रिलीज साइन झाला."

"कोणाचा?"

"याचा. क्लबचा माणूस इथे खाली आला होता कागद घेऊन. याने तुला फोन केले, तू उचलले नाहीस. मग मला केला. मी म्हटलं, कर सही."

"आणि बाकीच्या दोघांच्या सह्या?"

"होतील ना. तो म्हणाला, फॉर्मॅलिटी आहे. अगं, तो माणूस गाडी चालू ठेवून उन्हात उभा होता. त्याला किती थांबवायचं?"

"अहो, तिन्ही एकत्र ठरलं होतं. कागदावर काय होतं?"

"अरबीत होता," मुलगा म्हणाला. इंग्रजीत म्हणाला, पण तेवढंच.

मला त्या क्षणी कळलं. बाकीच्यांना कळायला आणखी वेळ लागला.

हे आम्हीच करू जाणे. इथे आलेल्या आपल्या प्रत्येक माणसाने असे कागद सहीनिशी दिलेले आहेत. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कागद फिरवणारा माणूस, टेबलावर अरबी कागद ठेवतो, बोट ठेवून जागा दाखवतो, आणि आपण सही करतो. काय लिहिलंय ते विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं, त्याचा खोळंबा केल्यासारखं. व्हिसा, लायसन्स, घरभाडं, सगळं आमचं असंच झालं आणि नशिबाने कधी अंगाशी आलं नाही. माझा नवरा प्लँटमध्ये साधी क्रेन हलवायची तर चौघांच्या सह्या झाल्याशिवाय परवानगीच्या कागदाला हात लावत नाही. त्याच्या हाताखालची पोरं त्यावरून त्याच्या नकला करतात. पण पोटच्या पोराचा कागद आला तेव्हा त्याला खाली उन्हात उभ्या असलेल्या मंदूबची दया आली. आपल्यामुळे कोणाचा खोळंबा व्हायला नको, ही आपल्या लोकांची सगळ्यात जुनी भीती आहे, आणि तिला आपण सभ्यपणा म्हणतो.

मी त्याच दुपारी कॅप्टनला फोन केला. त्याने उचलला नाही. नवऱ्याने केला, नाही उचलला. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, इन्शाल्ला सगळं ठीक होईल. इन्शाल्ला हा शब्द मलाही आवडतो. आमच्या खालच्या मजल्यावरची आजी तो म्हणते तेव्हा खरोखर तिने देवावर सोडलेलं असतं. कॅप्टनने कोणावर काय सोडलं होतं ते मला उंचांच्या क्लबच्या पुढच्या सामन्याला दिसलं.

मी टेबलावर घड्याळाशी होते. सामन्याआधी संघ सराव करत होते आणि उंचांच्या संघात एक नवा माणूस होता. अमेरिकेतून आणलेला गार्ड. पायात नवे कोरे बूट, दंडावर गोंदण. दोन उंचांपैकी एक जागेवर नव्हता. सामना सुरू झाला. नव्या माणसाने चेंडू पुढे आणला, मान न वळवता उरलेल्या उंचाच्या हातात दिला, आणि बास्केट. पुन्हा आणला, पुन्हा दिला. त्या सामन्यात त्यांच्यावर माझा भोंगा एकदाही वाजला नाही. मी बरोबर होते. त्यांना नेमका असाच माणूस हवा होता. घड्याळ मी एकदाही चुकवलं नाही, एवढं मात्र मी स्वतःबद्दल सांगेन.

कॅप्टनला मी दुसऱ्या दिवशी गाठलंच, क्लबच्या पार्किंगमध्ये. तो लपला नाही. उलट मला बघून दोन्ही हात पसरत आला. "मदाम, युवर आयडिया, एक्सलंट. थ्री क्लब्ज, ऑल हॅपी." आणि मग जणू मीच त्याच्या कामातली भागीदार असावी, तसं त्याने सगळं खुलासेवार सांगितलं. उंचांच्या क्लबला माझा मुलगा चालला असता, पण अमेरिकन मिळाला तर जास्त हवा होता, फक्त त्याचा खर्च झेपत नव्हता. मुलाने सही केलेल्या कागदात करार संपल्याचं आणि उरलेला पगार सोडल्याचं लिहिलं होतं, त्यामुळे आमच्या क्लबकडे तो पगार वाचला. तो त्यांनी उंचांच्या क्लबकडे वळवला. त्यांनी त्यातून अमेरिकन आणला आणि आपला उंच नेमबाजांना दिला. नेमबाजांनी त्यांचा एक नेमबाज आमच्याकडे दिला. सगळी ताटं भरली.

"अँड माय सन?" मी विचारलं.

"ही इज अ गुड बॉय," तो म्हणाला. "नेक्स्ट सीझन, इन्शाल्ला."

"यू सेड सेम डे. सेम टेंट."

त्याला ते आठवलं. तो हसला, आणि त्या हसण्यात कपट नव्हतं, हेच मला आजही सहन होत नाही. "मदाम, दॅट इज फॉर मॅरेज," तो म्हणाला. माझ्या तोंडावर आलेल्या मराठी शिव्या मी गाडीत बसून काच वर केल्यावर दिल्या.

घरी मी नवऱ्याला सोडलं नाही. जे मनात होतं ते सगळं बोलले आणि जे नव्हतं तेही बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाला, "मी त्याच्या भल्यासाठीच म्हटलं." मला ठाऊक होतं. भल्यासाठी म्हटलं म्हणून मला त्याला पुरतं दोषी धरता येत नव्हतं, आणि दोषी धरल्याशिवाय राहवतही नव्हतं. आमचं तेव्हापासून जे बिनसलं आहे ते वरून दिसत नाही. आम्ही एकमेकांना चहा देतो, भाजी कोणती आणू विचारतो, मंडळाच्या कार्यक्रमाला एकाच गाडीतून जातो.

क्लबने व्हिसा रद्द केला. त्यानंतर दुसरा कफील शोधायला थोडी मुदत मिळते. नवऱ्याने कंपनीत शब्द टाकला, भरती बंद होती. एका जिमवाल्याने मुलाखत घेतली, तोंड भरून हो म्हणाला आणि कागद काही पाठवला नाही. दुसऱ्या क्लबांच्या नोंदणीची मुदत तोवर संपली होती. मी मंडळातल्या प्रत्येक घरी फोन केले, ज्यांना मी एरवी दिवाळीलाही करत नाही त्यांनाही. सगळे चांगले बोलले. एक बाई म्हणाली, "बरंच झालं म्हणायचं, आता तरी एमबीए करेल."

मुलगा मला एकदाच बोलला. कपडे भरत होता. मी विचारलं, हिवाळ्याचे नेतोस का, पुण्यात लागतील. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "यू गाइज सेड साइन. आय वुड हॅव वेटेड."

यू गाइज. मी कधी म्हटलं होतं? मी तर फोनही उचलला नव्हता. ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बाहेर बापाचा टीव्ही चालू होता, आवाज नेहमीपेक्षा कमी, म्हणजे तो ऐकत होता. मी म्हटलं, "स्वेटर वरच ठेवते, चटकन मिळेल." आजही कधी कधी वाटतं की तेव्हा सांगून टाकायला हवं होतं, आणि त्या न सांगितलेल्या वाक्याचा राग मी नवऱ्यावरच काढते.

तो गेला तेव्हा त्याच्याकडे परतीचं तिकीट नव्हतं, याची मला सवय नव्हती. आमच्या घरातून भारतात जाणारा प्रत्येक माणूस परतीचं तिकीट घेऊन जातो.

त्या मोसमात आमच्या क्लबने, म्हणजे त्याच्या जुन्या क्लबने, एक स्पर्धा जिंकली. लिंबाच्या फोडीने, म्हणजे त्या आणलेल्या नेमबाजाने, अंतिम सामन्यात लांबून चेंडूवर चेंडू टाकले. मुलगा आता त्या क्लबात नसल्यामुळे मला टेबलावर बसवायला कोणाची हरकत नव्हती. माझ्या डोळ्यांदेखत माझी योजना जिंकली. सामना संपल्यावर कॅप्टन टेबलाजवळ आला, पुन्हा छातीवर हात ठेवला, आणि कोणाला तरी माझ्याकडे बोट दाखवून अरबीत काहीतरी सांगितलं. त्या माणसाने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाची वायर गुंडाळली, पेटीत ठेवली, आणि पुढच्या मोसमाच्या नोंदणीचा फोन आला तेव्हा येत नाही म्हणून सांगितलं.

मुलगा पुण्यात काकाकडे राहतो. एका शाळेत लहान मुलांना बास्केटबॉल शिकवतो आणि उरलेल्या वेळात कसला तरी ऑनलाइन कोर्स करतो. डेटा सायन्सच असावा, मी विचारत नाही. फोनवर तो बरा वाटतो. रिक्षावाल्यांशी भांडायला शिकलो म्हणाला.

या वर्षी तो महिन्याभरासाठी आला. त्याच्या व्हिझिट व्हिसाचा अर्ज नवऱ्याने भरला, नेहमीसारखा, प्रत्येक रकाना दोनदा तपासून. विमानतळावर आम्ही बाहेर कठड्याशी उभे होतो. पूर्वी तो इथला रहिवासी असल्याचं कार्ड लावून स्वयंचलित दारातून सगळ्यांच्या आधी बाहेर यायचा. या वेळी बराच वेळ लागला. त्याच्या विमानातली इथली माणसं भराभर निघून गेली आणि तो पाहुण्यांच्या रांगेतून मागाहून आला.

घरी आल्यावर त्याने बॅग उघडली. काकूने दिलेली भाजणी, मेतकूट, माझ्या गुडघ्यांचं औषध, शेजारच्या बाईंनी मागवलेल्या दोन साड्या. भारतातून येणारा माणूस जसं सगळ्यांचं सामान वाहून आणतो तसंच त्याने आणलं होतं आणि प्रत्येक पुडक्यावर नाव होतं. नवऱ्याने त्याला पाणी दिलं. मग समोर बसून, कोणीही गावाकडचं आलं की आपण विचारतो तसं, अगदी सहज त्याने विचारलं, "मग, किती दिवस आहेस?"

व्हिसा त्यानेच काढला होता, परतीचं तिकीटही त्यानेच. तोंडातून निघून गेलं एवढंच. मुलाने ग्लास खाली ठेवला आणि शहाण्या पाहुण्यासारखं नीट उत्तर दिलं, तारखेसकट. नवरा "हो, हो" म्हणाला. मी भाजणीचा डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले, कारण मला त्या दोघांपैकी कोणाच्याही तोंडाकडे बघवलं नसतं.